लुत्सिनानं न उघडलेली खिडकी

शेगडीत एक लाकूड सारा आणि दार ओढून घ्या. वरच्या वळणावर दिवा जळतोय ना, ते लुत्सिनाचं घर. तिच्यासमोर यातलं अवाक्षर काढायचं नाही. तिनं मला हे एकदाच सांगितलंय, मीही तुम्हाला एकदाच सांगणार.

सेंट आंद्रेच्या सणाचा आदला दिवस होता, शुक्रवार. दुपारी ती खुराड्याची किल्ली द्यायला आली. मागं तिचा नवरा झेनोन, दाढी करून, चकचकीत. सोमवारपर्यंत कोंबड्या मी बघायच्या होत्या. पोरांनी आईबापाला क्राकूफ शहराची सहल दिली होती. लग्नाला चाळीस वर्षं होत आली, पण या गड्यानं बायकोला बाजाराच्या गावापलीकडं नेलं नव्हतं. लाकडाच्या कारखान्यातनं सुटलो की जाऊ, म्हणायचा. सुटला, आणि सरपण फोडत बसला.

"गेनिया मावशी," मला म्हणाला, "नवं जोडपं मधुचंद्राला निघालंय. पोर झालं तर तुझ्याच दारात आणून टाकणार."

"आधी जिना चढून दाखव," मी म्हटलं.

तो हसला. लुत्सिनाचं लक्ष नव्हतं. ती पिशवी पुन्हा उघडून बघत होती. किती वर्षं वाट पाहिली होती तिनं त्या तीन दिवसांची.

संध्याकाळी पोचले तेव्हा तिथं धो धो पाऊस. स्टेशनाच्या दारातून टॅक्सी, ती थेट घराच्या दारात. चौकामागचं जुनं घर, वरच्या मजल्यावर भाड्याची एक खोली, अंगणाकडं एक उंच खिडकी. झेनोन म्हणाला, आज भिजायला नको. उद्या किल्ला, नदी, तू म्हणशील ते. घरून नेलेला पाव आणि सॉसेज खाल्लं आणि दोघं आडवी झाली.

खाली जिन्याच्या तोंडाशी पोरी मेण वितळवून किल्लीच्या भोकातून पाण्यात ओतत होत्या. कुणाला कसा नवरा मिळणार ते बघायचं, आंद्रेच्या रात्री बघतात तसं. त्यांच्या हसण्यानं लुत्सिनाला जाग आली. तेवढ्यात चर्चच्या मनोऱ्यावरचा, दर तासाला वाजतो तो कर्णा वाजला. तो सूर मध्येच तुटतो, तिथली जुनी रीतच आहे. तो तुटला, आणि मग तिच्या ध्यानात आलं की शेजारचा श्वासही…

आपल्यात माणूस गेला की आधी खिडकी उघडतात, जीव बाहेर जावा म्हणून. रडणं मागून. हे तुम्हाला सांगायला नको.

ती उठली. खिडकीशी गेली. कडीवर हात ठेवला. बराच वेळ तशीच उभी राहिली.

आणि हात काढून घेतला.

बटाट्याचा भाव सांगावा तशा आवाजात मला म्हणाली, "मावशी, तीन दिवस ठरले होते. मला एकच संध्याकाळ मिळाली."

तिनं पडदा ओढला. खोलीतला हीटर बंद केला. घरमालकिणीला सांगितलं, झाडायला येऊ नका, माणूस झोपलाय. सकाळी कोट चढवला, दार उघडलं आणि जिना उतरायला लागली. तिच्या पावलांमागं आणखी पावलं होती. माझी आजी म्हणायची, खिडकीनं गेला तो देवाकडं जातो, दारानं गेला तो माणसामागं.

शनिवारी त्यांनी सगळं पाहिलं. लुत्सिना असंच म्हणते, "आम्ही पाहिलं." किल्ला, चर्चमधले लाकडी देव, नदी. मागं वळून तिनं एकदाही बघितलं नाही. जेवायला स्वस्तातल्या खानावळीत गेली, तर वाढणाऱ्या बाईनं न विचारता दोन चमचे ठेवले. दुपारी कर्णा वाजला, तुटला. आणि तिच्या खांद्यामागं कुणीतरी उरलेला सूर शिट्टीवर पुरा केला. घरी रेडिओवर तोच कर्णा लागला की झेनोन तस्साच पुरा करायचा.

भीती नाही वाटली का गं, मी विचारलं. म्हणाली, काहीच वाटत नव्हतं. हातात हातमोजे आहेत की नाहीत, तेही बघावं लागत होतं.

रविवारी अंधार पडताना ती नदीकाठी होती. बर्फ भुरभुरायला लागलं होतं. चालता चालता मागची पावलं थांबली. ती थोडी पुढं गेली. पावलं आली नाहीत.

तेव्हा ती वळली.

झेनोन दिव्याखाली उभा होता. टोपी हातात धरून. परक्या बाईकडं बघावं तसा तिच्याकडं बघत होता.

"बाई," तो म्हणाला, "माझी बायको दिसली का हो कुठं? तिला थंडी सोसत नाही."





त्यानं मान लववली. पुढं गेला. दुसऱ्या कुणालातरी तेच विचारलं. तिथं कुणीच नव्हतं.

ती पळाली. जिना. दार. पडदा. कडी घट्ट बसलेली. दोन्ही हातांनी हिसडली. खिडकी उघडली. वारा आत येत होता, बर्फ आत येत होतं. पडदा मात्र बाहेर गेला. सरळ बाहेर. मग पडला.

त्यानंतर तिनं मुलाला फोन केला.

बुधवारी त्याला गावी आणलं. गावातल्या मेलेल्यांना मीच कपडे घालते, तुम्हाला ठाऊक आहे. समोर स्टुलावर बसून लुत्सिना हे सगळं सांगत होती. मी ऐकून घेत होते. दुःखानं माणूस काहीही बोलतं, तिला बोलू द्यावं. शर्ट झाला, कोट झाला. मोजा चढवायला डावा पाय हातात घेतला.

क्राकूफात हा माणूस टॅक्सीपासून खाटेपर्यंत चालला होता. तेवढाच.

टाचेवर फोड होता. नवा. पाण्यानं टरारलेला. दिवसभर दगडी रस्त्यावरून चालल्यावर येतो तसा.

मी लुत्सिनाकडं बघितलं. ती उठली. माझ्या हातातला मोजा घेतला आणि त्या टाचेवरून हळूहळू चढवला, त्याला दुखू नये असा.