पहिल्या ओळींची सूची

कवितांचं संकलन करणाऱ्याचं खरं हत्यार लेखणी नव्हे, कात्री. जुनं पुस्तक घ्यायचं, हवं ते पान कापायचं, कोऱ्या कागदावर चार कोपऱ्यांना खळ लावून चिकटवायचं आणि गठ्ठा छापखान्याला पाठवायचा. हाताने उतरवून घेतलं तर चुका होतात. इंग्लंडमधल्या एली गावातल्या शाळेत तीस वर्षं मी मुलांना नामवंतांच्या कविता शिकवल्या. निवृत्त झाल्यावर ज्यांना कोणी विचारत नाही अशा कवींच्या मागे लागलो. एकशे बारा कवी जमवले, चारशे वर्षांतले. पाद्री, गवळणी, कारकून, एक फाशी गेलेला घड्याळजी. त्यांतल्या एकाचंही नाव तुम्ही ऐकलेलं नसेल, आणि माझं, गॉडफ्री हेब्डनचंही नसेल. तेव्हा आम्ही सगळे एकाच पंगतीतले.

आमचं घर नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वर कॅथेड्रलचा मनोरा दिसतो आणि खाली काळ्या मातीची सपाट शेतं. समुद्रापासून इथपर्यंत वाऱ्याला अडवायला एक टेकडीसुद्धा नाही. त्या हिवाळ्यात, म्हणजे चौऱ्याहत्तरच्या फेब्रुवारीत, सारखी वीज जायची. मग माझी बायको विनिफ्रेड रॉकेलच्या शेगडीजवळ टंकयंत्र ओढून बसायची आणि बोटं फुटेस्तोवर टाइप करायची. सूची तिच्याकडे होती.

असल्या पुस्तकाच्या शेवटी पहिल्या ओळींची सूची असते. माणूस कवीचं नाव विसरतो, ओळ विसरत नाही, म्हणून ही सोय. प्रत्येक कवितेची पहिली ओळ आणि पानाचा आकडा एकेका चिठ्ठीवर, आणि सगळ्या चिठ्ठ्या बुटांच्या खोक्यात, अक्षरांच्या क्रमाने. नियम एकच होता. कविता गाळली की चिठ्ठीही काढायची.

विनीचीही एक कविता पुस्तकात होती. लग्नाआधी तिने एक छोटी पुस्तिका छापली होती, त्यातली. आठ ओळींची. सुरुवात अशी: “‘दार लावून घे,’ वारा म्हणाला, ‘मी आतच आहे.’” तिच्या पुढच्या पानावर, पुस्तकाच्या अगदी शेवटी, माझी कविता. आपला तो बाब्या, दुसरं काय!

“गॉडफ्री, बत्तीस वर्षांत माझं नाव कुठे छापून आलेलं नाही,” विनी एकदा म्हणाली. “किराणावाल्याच्या यादीतसुद्धा तुझंच असतं.”

“आता येईल.”

“गाळशील तर बघ. जेवायला घालणार नाही.”

ती हसत होती, पण तिला ते फार हवं होतं. रोज सकाळी चहा टाकायच्या आधी गठ्ठ्यात आपलं पान जागेवर आहे ना, हे ती हळूच पाहून घ्यायची. मला दिसत नाही असं तिला वाटायचं.

मग लंडनहून प्रकाशनाच्या मिस ट्रस्कॉटचा फोन आला. कागदाची टंचाई होती.

“मिस्टर हेब्डन, सोळा पानं काढा.”

“दहा काढली तर?”

“एका तावात सोळा बसतात. पंधराही नाही, सतराही नाही. सोळा.”

पहिला गेला जोसाया पेल. तीनशे वर्षांपूर्वी इथून सहा मैलांवरच्या थॉर्नडेल्फचा पाद्री होता. पुरावर लांबलचक कविता लिहून ठेवलेली, चार पानं खाणारी. ती काढली, चिठ्ठी शेगडीत टाकली. आणि मग मला घाम फुटला, कारण पेलच्या पुस्तकाची जगातली एकुलती एक प्रत थॉर्नडेल्फच्या चर्चची होती आणि ती मी कापली होती. चर्चची देखभाल करणारा म्हातारा सायलस मर्फिट याने ती मला मोठ्या विश्वासाने पावाच्या पिशवीत घालून दिली होती. कविता छापून आली असती तर कापल्याचं पाप धुतलं गेलं असतं. आता काय सांगणार?

शनिवारी बसने गेलो. सायलस चर्चच्या दाराशी बटाटे निवडत बसला होता.

“पुस्तक परत आणलंय,” मी म्हणालो. “जरा... खराब झालंय.”

“कसलं पुस्तक, मास्तर?”

“पेलचं. तुमच्या जुन्या पाद्रीबाबांचं. तुम्हीच दिलंत की!”

“मी? मी लोकांना बटाटे देतो. पुस्तकं कधीपासून द्यायला लागलो?”

पिशवीतून पुस्तक काढून त्याच्या हातात दिलं. त्याने उघडलं. सगळी पानं कोरी होती. मध्ये चार पानं कापलेली, तेवढी माझी करामत.

“वही झकास आहे,” तो म्हणाला. “कापून नासवलीत मात्र.”

मी आत गेलो. उत्तरेच्या भिंतीवर पेलच्या नावाची काळी पाटी होती, तिच्याखाली पुराचं पाणी कुठवर चढलं त्याची खूण. मी ती स्वतः वाचली होती, बोटाने अक्षरं चाचपली होती. आता तिथे चुन्याची भिंत होती, ओलीने हिरवी पडलेली, वरपासून खालपर्यंत एकसारखी. खिळ्याचं भोकसुद्धा नाही.

“इथे पाटी होती,” मी म्हणालो.

“चाळीस वर्षं मी या भिंती पुसतोय, मास्तर. पाटी असती तर ती मेलीसुद्धा पुसावी लागली असती.” त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. “बरं वाटतंय ना? बसा घटकाभर.”

त्या क्षणी मला काय वाटलं ते लपवत नाही. सुटलो, असं वाटलं. कापलेल्या पुस्तकाचा जाब विचारणारं आता कोणी उरलं नव्हतं. भीती बसमध्ये वाटायला लागली.

घरी आल्यावर विनीला विचारलं. पेलच्या पुराच्या ओळी ती भांडी घासताना मोठ्याने म्हणायची, पाद्र्याचा आवाज काढून.

“पेल?” ती म्हणाली. “कोण, तो कोळशाच्या वखारीतला?”

“त्याची चिठ्ठी तूच टाइप केलीस.”

“मी केली असती तर माझ्या बोटांना आठवलं असतं.”

मी बाजूला ठेवलेले त्याचे चार कागद शोधून काढले. प्रत्येकाच्या चार कोपऱ्यांत वाळलेल्या खळीचे चार ठिपके होते. मध्ये काही नव्हतं.

शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. मी स्वतःला समजावलं की सायलस म्हातारा झालाय, विनी दमलीय, आणि खळ पातळ झाली होती. पुढच्या आठवड्यात डॉर्कस विंचला काढलं. ही दोनशे वर्षांपूर्वीची गवळण. लोण्याच्या पिंपाच्या झाकणावर खडूने कविता लिहायची आणि धन्याने पाहायच्या आत ओल्या फडक्याने पुसायची. वाचल्या त्या अकराच. विनीचा तिच्यावर भारी जीव. तिचं एक जुनं छापील चित्र विनीने स्वयंपाकघरात, चुलीच्या वर लावलं होतं. तीन पानं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीच्या वर कोळसेवाल्याचं कॅलेंडर होतं.

“डॉर्कसचं चित्र कुठं गेलं?”

“कोणाचं?” विनी टोस्ट खरवडत होती. “त्या खिळ्याला कायम कॅलेंडरच असतं. अरे, तू झोपतोस ना नीट?”

कॅलेंडर वर्षाच्या सुरुवातीपासूनचं होतं. जानेवारीचं पान फाडलेलं, आणि फेब्रुवारीच्या तारखांवर विनीच्या अक्षरात दुधाच्या, धोब्याच्या खुणा.

तरीही मी थांबलो नाही. तुम्ही विचाराल, का? पुस्तकासाठी, दुसरं काही नाही. साठी उलटलेल्या माणसाला पहिल्यांदाच त्याचं नाव पुठ्ठ्यावर मिळणार होतं. आणि असंही वाटायचं की या बिचाऱ्यांना विसरायला जग तीनशे वर्षं बसलंच होतं, मी फक्त हात लावला. घड्याळजी गेला, दोन कारकून गेले, एक आंधळी शिक्षिका गेली. प्रत्येक वेळी चिठ्ठी शेगडीत, आणि दुसऱ्या दिवशी विनीच्या चेहऱ्यावर ते स्वच्छ अज्ञान. पंधरा पानं झाली. विनीने उरलेल्या चिठ्ठ्यांवर आकडे नव्याने टाकले. तिची कविता पान दोनशे एक्क्याऐंशी, माझी दोनशे ब्याऐंशी.

एक पान उरलं होतं. मिस ट्रस्कॉटचा पुन्हा फोन आला. विनी मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती.

“उद्याच्या टपालाने गठ्ठा हवा,” मिस ट्रस्कॉट म्हणाली. “एका पानाचं काय अडलंय? शेवटच्या दोनांतली एक काढा. संपादकाने स्वतःची कविता घालायची नाही आणि बायकोचीही घालायची नाही, अशी आपल्या धंद्यात रीतच आहे. तुम्ही दोन्ही घातल्यात.”

“मग कुठली काढू?”

“ते तुम्ही ठरवा. पण खरं सांगू? तुम्ही पाठवलेल्या यादीतली वाऱ्याची ती पहिली ओळ आठवडाभर माझ्या डोक्यातून जात नाही. अख्ख्या पुस्तकात तशी दुसरी नाही.”

माझ्या कवितेबद्दल ती काहीच बोलली नाही.

मी फोन ठेवला. पोटात दुखायला लागलं, आणि ते कसलं दुखणं हे मला पक्कं ठाऊक होतं. बत्तीस वर्षांपूर्वी तिची पुस्तिका पहिल्यांदा वाचली तेव्हापासूनचं ते होतं. लग्नानंतर तिने पुन्हा लिहिलं नाही. मी कधी लिही म्हटलंही नाही.

काय होईल ते माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी एवढंच म्हणालो की ते सगळे मेलेले होते. ही जिवंत आहे, अंगणात आहे, तोंडात कपड्यांचे चिमटे धरून गाणं गुणगुणते आहे. जिवंत माणसाला काय होतं?

गठ्ठ्यातून दोनशे एक्क्याऐंशीवं पान काढलं. माझ्या पानावरचा आकडा खोडून तिचा घातला, माझ्या चिठ्ठीवरचाही. तिची चिठ्ठी मात्र खोक्यातच राहू दिली. ती काढली असती तर तिला लगेच कळलं असतं. म्हटलं, नंतर बघू.

विनी आत आली. गार कपड्यांचा ढीग टेबलावर टाकला.

“बांधलास का गठ्ठा?”

“बांधला.”

“माझं पान आहे ना रे?”

“आहे.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पार्सनिपची, म्हणजे पांढऱ्या गाजरांची, पाटी पुढे ओढली आणि सोलायला बसली.

“लवकर ये,” ती म्हणाली. “वारा पडलाय, तोवर.”

टपाल कचेरी वर चौकात आहे. जायला दहा मिनिटं, यायला आठ. गठ्ठा खिडकीतून आत सरकवला तेव्हा पावणेचार वाजले होते.

घरी आलो. दार उघडंच होतं.

शेगडी विझलेली होती. टेबल कोरडं होतं.

एक कप. एक खुर्ची. खुंटीवर माझा एकट्याचा कोट.

पाटीत पार्सनिप होते. सगळे न सोललेले.

मी हाका मारल्या. शेजारच्या मिसेस पीची कुंपणावरून डोकावल्या.

“काय झालं, मास्तर? मांजर हरवलं का?”

“विनी... विनिफ्रेडला पाहिलंत?”

“कोण बाई?” त्यांचा आवाज मऊ झाला. “एकटं राहून राहून असं होतं बघा. मी म्हणायचे ह्यांना, मास्तरांनी वेळेत लग्न करायला हवं होतं.”

पुस्तक ऑक्टोबरात निघालं. एका वर्तमानपत्रात त्यावर दोन ओळी आल्या. माझ्या कवितेचा उल्लेख कोणी केला नाही.

नोव्हेंबरात व्हिटबीहून एक पत्र आलं. कोणी मिस स्टोर, वय वर्षं एक्क्याऐंशी, कापरं अक्षर. तिने सूचीतली एक ओळ उतरवून पाठवली होती. सूचीत ती पान दोनशे एक्क्याऐंशीवर दाखवली आहे, तिथे पाहावं तर तुमची कविता, आणि तुमच्या कवितेत ही ओळ नाही, असं तिने लिहिलं होतं. खाली विचारलं होतं: “हे कोणाचं? पुस्तकातलं सगळ्यांत चांगलं हेच आहे.”

म्हणजे नंतर खोकं पाठवताना मी विसरलो आणि विनीची चिठ्ठी त्यातून थेट छापखान्यात गेली होती. मी सूची उघडली. ओळ होती. जगात तिची तेवढी एकच गोष्ट उरली होती, आणि ती माझ्या विसराळूपणाने.

मी उत्तर लिहायला बसलो. ‘माझ्या पत्नीची,’ असं लिहिलं आणि थांबलो. कुठली पत्नी? मिसेस पीचींना विचारा. मिस ट्रस्कॉटलाही विचारून झालं होतं. तो कागद फाडला. मग ‘माझीच,’ असं लिहिलं. ते अक्षर बराच वेळ बघत बसलो. चांगलं दिसत होतं. तोही फाडला, पण फार उशिरा फाडला, हे मला कळतं.

शेवटी लिहिलं: ‘मुद्रणदोष. कृपया दुर्लक्ष करावं.’

चौकात जाऊन पत्र टाकलं. परत येऊन कोट न काढताच सूची उघडली. ओळ नव्हती. तिच्या वरची आणि खालची ओळ एकमेकींना खेटून बसल्या होत्या, मध्ये कधी कोणी नव्हतंच अशा.

व्हिटबीचं पत्र टेबलावर होतं. कापऱ्या अक्षरात मजकूर सगळा होता. ओळीच्या जागी कोरा कागद, आणि खाली तो प्रश्न तसाच: “हे कोणाचं?”

हे सगळं मी टंकयंत्रावर, एका बोटाने लिहितो आहे. ओळ मला पाठ आहे. वर सुरुवातीला मी ती एकदा लिहिली. ती अजून तिथे आहे का, हे मी मागे वळून पाहिलेलं नाही.