दुसरं कोणी नसेलच तर

झॉम्बींच्या सिनेमाला, तेही भरदुपारच्या खेळाला, येऊन येऊन कोण येणार? म्हणून ती निर्धास्त आत शिरली, तर तिच्याच खुर्चीवर पाने-पक्कडींची एक ओली पिशवी ऐसपैस बसलेली. शेजारी पिशवीचा मालक. सगळं थिएटर मोकळं होतं, कुठेही बसता आलं असतं. पण तिकिटावरची खुर्ची म्हणजे तिकिटावरचीच, असा तिचा खाक्या.

"ही उचलता का जरा?"

त्याने मुकाट्याने पिशवी पायाशी घेतली. पडद्यावर मढी उठली, शहरभर लंगडत फिरू लागली. एका मढ्याने जवळून तोंड वासलं आणि तिला खुदकन हसू फुटलं. थोड्या वेळाने, सगळ्यांनी घाबरावं अशा जागी, तो हसला.

"तुम्ही मघाशी का हसलात?" त्याने हळूच विचारलं.

"एवढे दिवस मातीत पडलेलं मढं, आणि दात बघा त्याचे... आत्ताच पॉलिश करून बसवल्यासारखे. आणि तुम्ही?"

"दोर तुटला म्हणून लिफ्ट अशी धाडकन खाली येत नाही हो. आपोआप ब्रेक लागतात तिला."

मध्यंतरात उलगडा झाला. ती एका दंतवैद्याच्या दवाखान्यात मागच्या खोलीत बसून कवळ्या बनवायची. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. सिनेमा संपेपर्यंत ती 'कवळी' झाली होती आणि तो 'लिफ्टवाला'. खरी नावं पुढे कळली, पण ती दोघांनी कधी वापरलीच नाहीत.

बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. पोर्चमध्ये उभं राहून दोघांनी कॉफी घेतली. कपाच्या वाफेने त्याच्या चष्म्यावर धुकं धरलं, आणि तो तसाच, काही न दिसता, तिच्याकडे बघून बोलत राहिला.

मग प्रत्येक नवा सिनेमा दोघांनी मिळून बघायचा, असं न ठरवताच ठरून गेलं. जुळ्या भावांचा पोलिसपट आला, तो दोघांनी यथेच्छ झोडपला. शेवटी नायिका भर लग्नातून पळून येते असला एक प्रेमपट आला, त्यात त्याचे डोळे भरून आले आणि ती पुढे आठवडाभर त्याला चिडवत राहिली. झॉम्बींवरून मात्र हमरीतुमरीवर यायचे. त्याला सावकाश चालणारी मढी आवडायची, कारण माणसाला विचार करायला वेळ मिळतो. तिला धावणारी. विचार करायला वेळ मिळाला की माणूस घोळ घालतो, असं तिचं म्हणणं. बोलता बोलता तो तिच्या कपातली साखर ढवळून द्यायचा. ती त्याच्या बाहीला लागलेलं ग्रीस रुमालाने पुसायला जायची... आणि मध्येच भान येऊन रुमाल त्याच्या हातात द्यायची.

घरी तिच्या ताईच्या हे लक्षात आलं होतं. एकदा पोळ्या लाटता लाटता तिने सरळच विचारलं, की सिनेमे बरे असतात की सोबत बरी असते? हिने तोही प्रश्न चेष्टेवारी नेला. हिची सवयच तशी झाली होती. पूर्वी हिचं एक ठरत आलेलं लग्न मोडलं होतं. तिने त्या मुलाजवळ मन मोकळं केलं आणि त्याने ते चारचौघांत हसत हसत सांगितलं होतं. तेव्हापासून मनातलं बोलायची वेळ आली की तिच्या तोंडून आधी विनोद बाहेर पडायचा.

त्या दिवशीही तेच झालं.

पुन्हा झॉम्बींचाच सिनेमा होता, पुन्हा पाऊस होता. दोघं पोर्चमध्ये उभी होती. कॉफी निवून गेली तरी त्याने कप तोंडाला लावला नव्हता.

"कवळी, समजा..." तो म्हणाला, "सगळ्या जगाची अशी मढी झाली आणि आपण दोघंच उरलो... तर?"

प्रश्न कशाचा आहे ते तिला नीट कळलं होतं. उत्तरही कधीचं तयार होतं. पण त्याची नजर इतकी जवळ आली की ती बावरली.

"तर काय," ती म्हणाली, "दुसरं कोणी नसेलच तर... नाइलाज आहे."

तो हसला. पण नेहमीपेक्षा जरा उशिरा हसला. मग त्याने सांगितलं, की कंपनी त्याला दुसऱ्या शहरात पाठवते आहे. तिथे उंच इमारती होताहेत, बढतीही आहे. अजून होकार कळवलेला नाही. एवढं बोलून तो थांबला. पावसाची झड आत येऊन तिची ओढणी भिजत होती, तरी ती मागे सरकली नाही. जाऊ नकोस, एवढंच म्हणायचं होतं.

"जा की," ती म्हणाली. "आमच्याकडे काय, बसक्या इमारती."

तो गेला. सुरुवातीला नव्या सिनेमांबद्दल त्याचे निरोप यायचे. तीही खुसखुशीत उत्तरं पाठवायची. मग निरोप विरळ झाले, मग थांबले. ती एकटी सिनेमाला जाऊ लागली. पडद्यावर काही चुकलं की मान आपोआप शेजारी वळायची.

पुढल्या पावसाळ्यात एक बाई दवाखान्यात कवळी करून घ्यायला आल्या. दातांचा रंग चेहऱ्याशी जुळवायला डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावलं. बाई तिच्याकडे टक लावून बघत राहिल्या. डॉक्टर आत गेल्यावर बोळक्या तोंडाने म्हणाल्या, "तूच ना ती सिनेमावाली? मी लिफ्टवाल्याची आई."

तिच्या हातातली दातांच्या रंगछटांची पट्टी तशीच राहिली.

"तो म्हणाला होता, दुसऱ्या दवाखान्यात जा. मीच हट्टाने इथे आले. एकदा बघायचं होतं तुला." त्यांनी तिचा हात धरला. "जायचं नव्हतं गं त्याला. त्या दिवशी घरून निघताना मला सांगून गेला, ती थांब म्हणाली तर थांबतो. भिजून परत आला नि म्हणाला, आई, बॅग भरायला घे."

आणि मग बाईंनी, अगदी हलक्या आवाजात, पुढचं सांगितलं. त्याचं लग्न ठरलं आहे. मुलगी तिथलीच, शाळेत शिकवते, स्वभावाने गोड आहे. "लग्नात हसता तरी यायला हवं ना मला? म्हणून हे दात."

ती कवळी तिने जीव ओतून केली. मेणाचा साचा दोनदा मोडून पुन्हा केला. बाईंच्या जुन्या फोटोत पुढचा एक दात किंचित तिरका होता. तोही तिने तसाच बसवला, म्हणजे आई आईसारखीच दिसावी.

कवळी न्यायला तो आईला घेऊन आला. जरा वाळला होता. बाई आरशासमोर बसल्या. ही दोघं मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"त्या दिवशी मी चेष्टा केली," ती म्हणाली. या वेळी तिने नजर खाली घेतली नाही. "जगात सगळे असते ना... तरी तूच हवा होतास मला."

चष्मा काढून त्याने उगाच पुसला.

"मी पुन्हा एकदा विचारायला हवं होतं," तो म्हणाला.

"विचारलं असतंस तर मी पुन्हा चेष्टा केली असती."

"कदाचित." त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "पण आता ती मुलगी माझ्या भरवशावर बसली आहे, कवळी. तिचा काय दोष?"

"काहीच नाही," ती म्हणाली, आणि तिला खरंच तसं वाटत होतं.

आरशासमोरून आईने हाक मारली. दोघं पुढे गेली. बाई वळल्या आणि नव्या दातांनी, जरा बिचकत, हसल्या. एक दात किंचित तिरका. मुलगा बघतच राहिला.

"कशी दिसते रे?" त्यांनी विचारलं.

तीच पुढे झाली, बाईंच्या गालावर हलकेच बोट टेकवून तिने कवळी नीट बसली आहे का पाहिलं आणि म्हणाली, "छान दिसता, काकू. लग्नात अगदी मोकळेपणी हसा. निघायची नाही."