तळाला ठेवलेली हाक

मी चौथीपर्यंत शिकलो. लॅपटॉपमधलं मला कळत नाही. घडलं तेवढं सांगतो.

आमचं घर खर्डीच्या पुढे, रानाच्या कडेला. नात दिशा नर्सिंगला आहे. तिला परीक्षेचं काहीतरी लॅपटॉपमध्ये घ्यायचं होतं आणि जागा नव्हती. जागा धरली होती माझ्या बायकोच्या गाण्यांनी. गोजर लग्नात धवले गायची. दिशाने ते सगळे भरून ठेवले होते. गोजरला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

"फोनमदी ठेवते, आजा," दिशा म्हणाली.

मी नको म्हणालो. मेलेल्या माणसाचा आवाज घरात ठेवू नये. खरं म्हणजे मलाच तो ऐकवत नव्हता.

ती डोळे पुसत एकेक गाणं पुसत गेली. शेवटी मी म्हणालो, "एक ठेव. सगळ्यात लहान." कणगीतलं भात काढताना आम्ही तळाला मूठभर ठेवतो. त्या मुठीवर कणगी पुन्हा भरते, असं आई सांगायची.

उरलं ते नऊ सेकंदांचं. गाणं नव्हतंच. गाता गाता थांबून गोजरने उंबऱ्यातून मला हाक मारली होती.

"अवो, भाकर निवते. येता ना?"

ती दुपार मी विसरलो नव्हतो. आदल्या दिवशी खळ्यावर चार लोकांसमोर ती मला उलट बोलली होती. मी अबोला धरला होता. हाक ऐकली, ओ दिली नाही. माझ्याआधी ती कधी जेवत नसे. संध्याकाळी चुलीपाशी पडली ती उठली नाही. दोघांची ताटं झाकलेली होती.

गाणी पुसली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दिशा लॅपटॉप घेऊन पडवीत आली. जागा पुन्हा भरली होती. त्याच एका फाइलने.

"किती मोठी झाली?"

"वरीसभराची, आजा…"

तिने लावली. हाक. मग नुसतं घर. बांगडी वाजली. पुन्हा हाक. दिशाने पुढे नेलं. कौलांवर पाऊस, आणि पावसातून तीच हाक. तिने अगदी शेवटाला नेलं. तिथे आज सकाळचा माझा खोकला होता.

"भुकेली हाय गो ती," मी म्हणालो.

दिशाला बाहेर पाठवून मी लॅपटॉप घरात नेला, दार ओढलं. चूल विझलेली होती, तरी भाकर करपल्याचा वास येत होता. हाक आली.

"तू जेव गो… मी येतो."

वास गेला. दिशाने पाहिलं तर जागा मोकळी. फाइल बारा सेकंदांची. परीक्षेचं बसलं, परीक्षाही झाली.

ती फाइल आम्ही ठेवली आहे. परवा मी ऐकली. गोजरची हाक आहे. तिच्यामागे माझं बोलणं आहे. ते कुणी भरलं नव्हतं. आणि त्यानंतर, अगदी हळू, गोजर विचारते…

"कवा?"