कडेची नजर

“पाऊल आत टाकू नको, धोंडे!” रोह्याच्या घराच्या ओटीवरून हैबतराव गरजले. “शपथ घातलीय मी तुला. उंबरा चढलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील!”

थोरल्या भावाची शपथ ऐकून धोंडुबाई उंबऱ्याशी थबकली... पण गडब गावाहून एसटीने ती काही माघारी फिरायला आली नव्हती. दोन वर्षांमागे याच घरी, पुतणीच्या लग्नात, दादाने बाजूने आत्याच्या मानाची साडी पुढे केली आणि साऱ्या वऱ्हाडादेखत धोंडुबाई ती न घेताच निघून गेली! गर्विष्ठ, कृतघ्न... काय काय नाही ऐकलं तिने! आणि साडी कधी पुढे आली, हेच त्या अभागिनीला ठाऊक नव्हतं.

“मेलेलं कशाला, जितं बघायला आलेय!” म्हणत ती सरळ आत शिरली. “माझ्या डोळ्यांत काचबिंदू निघालाय, दादा. पेणचे डॉक्टर म्हणाले, सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यायलाच हवं.”

“माझं डोळं लख्ख हायेत. मोती असला तर पिकला की काढू!”

“ह्यो मोती नाय, पिकायची वाट बघायला! दुखत नाय, खुपत नाय, कडेची नजर गुपचूप खातो. समोरचं दिसतं म्हणून कळत नाय. बस हितं!”

लहानपणी ज्याच्या धाकाने ती चळचळा कापायची, त्याला तिने दंडाला धरून पाटावर बसवलं. डॉक्टरांनी केलं, अगदी तसंच.

“डावा डोळा झाक. माझ्या नाकाकडं बघ. बोट दिसलं की सांग.”

त्याच्या उजव्या कानाकडून तिने बोट हलवत हळूहळू पुढे आणलं.

“आण की बोट!” हैबतराव खेकसले.

दारातून बायजावहिनी किंचाळली, “अवो, बोट कवाचं हलतंय!”

हैबतरावांनी डोळ्यावरचा हात खाली घेतला.

“धोंडे... ती साडी... तुला दिसलीच नव्हती?”

“नाय रे दादा.”

“आणि मी एका शब्दानं विचारलं नाय गो तुला!” बहिणीचे हात कपाळाला लावून तो करारी माणूस हमसून हमसून रडू लागला. “आता मी आंधळा व्हणार?”

“व्हऊ देईन व्हय मी? गेलेली नजर येत नाय, पण उरलेली राखता येते. उद्या पहिल्या गाडीनं पेणला.” स्वतःचे डोळे भरले असताना तिने पदराने त्याचे पुसले. “आज काय ते रडून घे. उद्यापासून औषधाचे थेंब घालायचेत, ते वाहून गेलेले मला चालायचं नाय!”