ओळखीला बसलेली

मुरबाडला रेल्वे नाही. तिथे उशीर झाला तर दोष एसटीचा, जीपवाल्यांचा नाहीतर आपला स्वतःचा, आणि त्या दिवशी या तिघांनी मिळून मला गाठलं होतं. जानेवारी १९९७, शुक्रवार. म्हसा गावची जत्रा भरली होती आणि तालुक्यातल्या यच्चयावत जीपा तिकडे धावत होत्या. मला जायचं होतं बरोबर उलट्या बाजूला, डोंगराखालच्या एका वाडीतल्या शाळेत. अंतर सहा किलोमीटर.

पिशवीत खाकी पाकिटात नेमणुकीचा आदेश होता. आज शाळा सुटायच्या आत हजर व्हायचं, नाहीतर नेमणूक रद्द. आदेश शेणव्याला घरी आला तेव्हा मी मामाच्या गावी होते, परतले तेव्हा एकच दिवस उरला होता. आमच्या बौद्धवाडीतून सरकारी नोकरीत लागलेली मी पहिली मुलगी. वडील वीटभट्टीवर राबले, माझं डीएड झालेलं पाहून गेले. नोकरी हातची गेली असती तर आईपुढे उभं राहायचं मला धैर्य नव्हतं.

आणखी एक सांगून ठेवते. आजोबांनी छप्पन्न सालानंतर घरातले देव आणि देवऋषी दोन्ही एकदमच नदीत सोडले. झाडाखाली कोणी दिसलं म्हणणाऱ्या बायकांना मी, कोण, किती वाजता, किती अंतरावरून, असे प्रश्न विचारून रडकुंडीला आणायचे. माझा विषय गणित.

स्टँडच्या मागे भगीरथचं सायकलचं दुकान होतं. पत्र्याचं छप्पर, पाण्याची घमेली, रबर सोल्युशनचा वास आणि भिंतीला टेकवलेला लांब बाक. सायकली तासावर भाड्याने मिळत. मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर घातलेले. जत्रेमुळे सगळ्या गेल्या होत्या, सात नंबरची तेवढी उरली होती.

"ओळखीला कोन हाय?" भगीरथने विचारलं. साठीचा माणूस, कानात बिडी.

"कोणी नाही. मी शेणव्याची."

"मग नाय जमायचं, बाई. कोनीतरी बसाया पायजे."

त्याची रीत अशी होती. गावातल्या माणसाला सायकल तशीच मिळे. परक्यासाठी कोणीतरी ओळखीला बसायचं, सायकल परत येईपर्यंत या बाकावर. मी आदेश दाखवला, घड्याळ काढून देऊ केलं. त्याने दोन्हीकडे पाहिलंसुद्धा नाही.

तेव्हा बाकाच्या टोकाला बसलेली एक बाई बोलली. माझ्याच वयाची, सुती साडी, हातात काही नाही. तीही परकी होती, तिलाही सायकल हवी होती आणि तिच्यासाठीही बसायला कोणी नव्हतं.

"ताई, माझं अर्ध्या तासाचं काम आहे. तुम्ही माझ्यासाठी बसा. मी आले की तुमच्यासाठी बसेन."

मी मनात हिशेब केला. आता साडेदहा. अकराला ती येईल, साडेअकराला मी शाळेत. दोघींची अडचण एकमेकींनी सुटत होती, उत्तर अगदी निःशेष भागाकारासारखं आलं होतं. मला स्वतःचं कौतुकच वाटलं.

भगीरथने वही उघडली. "नाव सांगा."

मी तिच्याकडे पाहिलं. "त्यांचं नाय," तो म्हणाला. "बसनाऱ्याचं. जानारा पलाला तर त्याचं नाव घेऊन काय करू? जो बसतो त्याच्याच नावावर सायकल जाते."

मला ते पटलं. मी सांगितलं, रत्नप्रभा पांडू भालेराव. त्याने सावकाश लिहून घेतलं, पुढे सात, पुढे साडेदहा. तिचं नाव विचारायचं राहिलंच, कारण ते कुठे लागणार नव्हतं. तिने घंटी वाजवून पाहिली आणि बाजारपेठेकडे न जाता डोंगराच्या रस्त्याला लागली.

अकरा वाजले. साडेअकरा वाजले. बारा वाजता शेजारच्या टपरीतून हौसाबाईने चहा आणून दिला. "घ्या, बसलेल्या मानसाला चहा लागतोच," ती म्हणाली. मी पैसे काढले तर हसली आणि निघून गेली. लोक सायकली आणून देत होते, भगीरथ वहीत आडवी रेघ मारत होता. एकदोघांनी माझ्याकडे बघून त्याला भुवया उडवून विचारलं. "बसल्यात," एवढंच तो म्हणायचा, आणि मग ते पुन्हा माझ्याकडे बघत नसत.

"दुसरी कुठलीही सायकल द्या," मी म्हणाले. "माझी नोकरी जाईल हो."

"तुमच्यासाठी कोन बसंल?"

"मग मी चालत जाते."

"जा की. मी कुठं धरलंय?"

मी खरंच उठले. चपला घातल्या. सहा किलोमीटर म्हणजे सव्वा तास. तेवढ्यात एक गृहस्थ पंक्चर झालेली सायकल ढकलत आले. भगीरथने त्यांना गुरुजी म्हणून हाक मारली. ते त्याच वाडीच्या शाळेवरचे होते, प्रशांत गुरुजी. माझा जीव भांड्यात पडला. मी बोलणार तोच ते भगीरथला म्हणाले, "सुटलो बाबा. दोन वर्षं एकटा चार वर्ग ओढत होतो. नवीन बाई आज हजर झाल्या."

"कोण बाई?" मी विचारलं.

"भालेराव बाई. शेणव्याच्या आहेत."

"गुरुजी, भालेराव मी."

ते सभ्यपणे हसले. एकाच आडनावाच्या दोघी भेटल्या तर माणूस हसतो तसं. मी म्हणाले, हा बघा आदेश. पिशवी सकाळपासून माझ्या मांडीवर होती, एकदाही खाली ठेवली नव्हती. डबा निघाला, कंगवा निघाला, खाकी पाकीट निघालं. पाकीट रिकामं होतं. आत कागदाच्या घडीची खूण तेवढी उमटलेली.

गुरुजींजवळ हजर झाल्याचा अहवाल होता, कचेरीत द्यायला आणलेला. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. खाली सही होती. डीएडला असताना मी सहीखाली दोन टिंबं द्यायला लागले होते, उगाच, मैत्रिणी हसायच्या म्हणून. दोन्ही टिंबं जागच्या जागी होती. दुसरं नेहमीसारखं जरा मोठं. अक्षर माझंच होतं.

"भगीरथमामा, तुम्ही सांगा यांना. माझं नाव तुम्ही लिहिलंय."

त्याने बोटं पुसली आणि वही उघडली. "रत्नप्रभा पांडू भालेराव. सात नंबर. साडेधाला गेल्या. अजून आल्या नाय."

"पण मी गेले कुठे? मी इथेच बसलेय ना!"

"हा. तुमी बसल्यात."

"मग माझं नाव काय?"

तो गोंधळला. खरोखर गोंधळला, त्याच्या चेहऱ्यावर लबाडी मुळीच नव्हती. "जे गेलं ते वहीत हाय," तो म्हणाला. "दोन नावं मी कुठं लिवतो?"

गुरुजी पंक्चर निघेपर्यंत खाली मान घालून उभे राहिले आणि पाठ फिरवून गेले.

चारच्या एसटीने मी शेणव्याला निघाले. वाटेतल्या किन्हवलीपर्यंत स्वतःला बजावत होते की फसवणूक झाली आहे, उद्या आईला घेऊन कचेरीत जायचं, आई ओळखेल, प्रश्न मिटेल. एक ओळखणारं माणूस पुरे होतं.

आई अंगणात तांदूळ पाखडत होती.

"आई."

तिने मान वर केली. उन्हासाठी कपाळावर हात धरला आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग उठून तांब्या आणला. आमच्याकडे परक्या माणसाला आधी पाणी देतात.

"बस, बाय. दमलीस? कोनाची गो तू?"

"आई, मी रत्ना."

ती मऊ हसली. "रत्ना तर कवाच आली. हजर झाली आज माजी पोर."

घरातून ताटाचा आवाज आला. कोणीतरी जेवत होतं.

"आई," आतून हाक आली, "कोण आहे गो?"

तो आवाज मला ओळखीचा होता. बावीस वर्षं मी तोच वापरत होते.

आत जाऊन तिला केसाला धरून ओढायला हवं होतं, असं पुष्कळदा वाटतं. मी पाणी प्यायले आणि तांब्या पालथा ठेवला. आत गेले असते आणि दोघींना शेजारी उभं करून आईने पुन्हा तिच्याकडेच बोट दाखवलं असतं तर? मी भित्री नव्हते. त्या दिवशी झाले.

रात्र किन्हवलीच्या स्टँडवर काढून सकाळी मी मुरबाडला परतले. भगीरथने बाकावरचा टायर उचलून जागा करून दिली. "आलात?" तो म्हणाला. मला बघून एवढं म्हणणारं जगात दुसरं कोणी उरलं नव्हतं.

तेव्हापासून मी इथे आहे. पोलीस चौकीत गेले होते. तिथेही आधी विचारलं, तुम्हाला ओळखणारं कोणी आहे का. मी भगीरथचं नाव सांगितलं. तो आला आणि प्रामाणिकपणे म्हणाला, ओळखतो, आमच्याकडं बसल्यात. हौसाबाईच्या पडवीत झोपते. पंक्चर काढते, चाकं सरळ करते, हात काळे झालेत. सात नंबर आली की तुमी मोकल्या, असं भगीरथ अधूनमधून सांगतो. गेल्या वर्षी पेपरात आलं होतं, परदेशात म्हणे रस्त्यावरच्या यंत्राला कार्ड दाखवलं की सायकल सुटते, वही नाही, बसायला माणूस नाही. मी त्याला वाचून दाखवलं. "मग नाव कुठं लिवायचं?" त्याने विचारलं.

भालेराव बाई आता मुख्याध्यापिका झाल्यात. एसटीने येतात-जातात. तालुक्यात त्यांच्या गणिताचं नाव आहे. एकदा मी त्यांना रस्त्यात अडवून सायकल मागितली. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कनवाळूपणे विचारलं, "कोणती सायकल, ताई?"

गेल्या मे महिन्यात त्या स्वतः दुकानात आल्या. बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी. तिला शिकायला लहान सायकल हवी होती. भगीरथने वही उघडलीच नाही. "बाईंना कशाला ओलख," म्हणाला.

मी सीट खाली करून दिली, ब्रेक तपासले. मुलगी लगेच पायडल मारत सुटली, पटांगणाच्या टोकाला जाऊन थांबली. बाईंनी हात तोंडाशी नेऊन तिला हाक मारली.

"पौर्णिमा!"

आठवीत असताना मी ठरवलं होतं, मुलगी झाली तर हेच नाव ठेवायचं. आईलासुद्धा कधी बोलले नव्हते.