पाव आटा

रविवारी सकाळी धाकट्याने दादाच्या हेलिकॉप्टरचं इंजिन उपटून काढलं आणि त्याला बरं वाटलं.

बावन्न वर्षांचा झाला तरी घरात तो धाकटाच होता. जळलेल्या पंपांच्या आणि पंख्यांच्या मोटरी पुन्हा गुंडाळून देण्याचं त्याचं दुकान होतं. हात कायम वार्निशने चिकट. हुशार म्हणून मान असायचा तो दादाला. दादा घड्याळजी, चिमट्याने केसाएवढी स्प्रिंग बसवणारा माणूस. रिमोटवर उडणारं, नायट्रो इंधनावर चालणारं, हातभर लांबीचं हे हेलिकॉप्टर त्याने स्वतः जोडलं होतं. त्या यंत्राला दुसऱ्या कुणी हात लावलेला दादाला खपत नसे, आणि सख्ख्या भावाने तर नाहीच नाही.

दादा जाऊन दोन महिने झाले होते. वहिनीच्या मनात ते यंत्र आहे तसं कपाटात ठेवायचं होतं. धाकट्याने तिला गोड बोलून पटवलं: इंजिन गंजेल, तेल गळेल, त्यापेक्षा बॅटरीवर करून देतो, निदान उडत तरी राहील.

"करा भाऊजी," ती म्हणाली. "फक्त उडवाल तेव्हा मला बोलवा."

त्याला ते इंजिन नाहीसं करायचं होतं, एवढंच. इंजिनाला एक सुई असते. आत किती इंधन जायचं ते ती ठरवते; उजवीकडे फिरवली की इंधन कमी होतं. नऊ वर्षांपूर्वी मैदानावर, दादा चार लोकांत भाव खात उभा असताना, धाकट्याने ती सुई पाव आटा, म्हणजे पाव फेरा, उजवीकडे फिरवली होती. इंजिन जरा खोकावं, दादाची जरा फजिती व्हावी, इतकंच त्याच्या मनात होतं. इंजिन तापलं आणि हवेतच बंद पडलं. पडणारं यंत्र झेलायला दादा वेड्यासारखा धावला, आणि फिरत्या पात्याने त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट नेलं.

घड्याळांचं दुकान बंद झालं. दादाने कुणाला बोल लावला नाही, स्वतःलाच लावला. सुई मी मोजून लावली होती, मग चुकलं कुठे, हेच तो नऊ वर्षं विचारत राहिला. धाकटा समोर बसून चहा प्यायचा आणि म्हणायचा, होतं असं कधी कधी. त्याला लाज वाटायची, आणि लाज वाटायला लावतो म्हणून दादाचा रागही यायचा. दादा गेला तेव्हा तो रडला, पण सुटलो असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

म्हणून त्या रविवारी त्याने सुई ऐरणीवर ठेवून हातोडीने चेपली आणि इंजिनासकट भंगारात टाकली. टाकी, सायलेन्सर, क्लच, सगळं काढलं. सांगाडा पेट्रोलने दोनदा धुतला. नवी मोटर बसवताना तिच्या आणि मोठ्या चाकाच्या दातांमध्ये कागदाची पट्टी धरली, म्हणजे दात एकमेकांवर घासत नाहीत. प्रत्येक स्क्रूला गोंद लावला आणि त्याच्या डोक्यावरून सांगाड्यापर्यंत पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली. स्क्रू हलला तर रेघ तुटते, कळून येतं.

सोमवारी मोटरच्या एका स्क्रूवरची रेघ तुटलेली होती.

स्क्रू ढिला झाला असता तर त्याला काही वाटलं नसतं, ते रोजचंच आहे. हा घट्ट झाला होता. गोंद वाळल्यावर, पाना न लावता, उजवीकडे पाव आटा. आपल्याच डोक्याचे आटे ढिले झालेत म्हणून तो स्वतःशीच हसला, स्क्रू बदलला, नवी रेघ ओढली आणि दुकानाला दोन कुलपं घातली.

मंगळवारी चौदाही स्क्रू फिरलेले होते. चौदाही रेघा काटकोनात तुटल्या होत्या. त्याने एकेक बोटाने चाचपून पाहिली. मग भिंतीवरच्या घड्याळात वेळ बघितली तर दुपारचं गिऱ्हाईक यायची वेळ होऊन गेली होती. गिऱ्हाईक आलं ते पंधरा मिनिटांनी, आणि अगदी वेळेवर आल्यासारखं. घड्याळच पुढे गेलं होतं. धाकट्याने काटा मागे घेतला. संध्याकाळपर्यंत तो पुन्हा पाव फेरा पुढे होता.

बुधवारी त्याने काहीच मोजलं नाही. बॅटरी चार्ज केली आणि वहिनीला निरोप दिला. एकदा उडालं, तिने पाहिलं, की कपाटात बंद करून टाकू, असं त्याने ठरवलं.

गुरुवारी सकाळी मैदान रिकामं होतं. ऊन स्वच्छ, वारा नाही. वहिनी पर्स धरून त्याच्या मागे उभी राहिली. हेलिकॉप्टर विजेच्या बारीक गुणगुणीसह सरळ वर गेलं, दोन मजले उंच, आणि तिथे स्थिर झालं. धाकट्याला क्षणभर अभिमानच वाटला.

मग ते खोकलं.

मोटर खोकत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी ते पुन्हा खोकलं, आणि इंधन कमी पडलेल्या इंजिनाचा चिरका आवाज मैदानभर पसरला. मागोमाग निळसर धूर आला. धुराला एरंडेलाचा, नायट्रो इंधनात मिसळतात त्या तेलाचा, वास होता.

त्याने मोटर बंद करायचं बटण दाबलं.

आवाज थांबला. पाती फिरतच राहिली.

हेलिकॉप्टर आवाज न करता खाली आलं आणि त्याच्यासमोर, हाताच्या अंतरावर, थांबलं. त्याने रिमोटच बंद केला. ते थोडं पुढे सरकलं. पात्यांचा वारा त्याच्या उजव्या हाताला लागत होता.

त्याने तो हात पाठीमागे लपवला.

"दादा, सुई मी फिरवली होती," तो म्हणाला.

ते आणखी बोटभर पुढे आलं.

"पाव आटा. उजवीकडे."

पाती मंदावली. यंत्र गवतावर अलगद टेकलं.

धाकट्याला तेव्हा कुठे आठवलं की मागे वहिनी उभी आहे. तो वळला. ती ओरडेल, शिव्या देईल, थोबाडीत मारेल, आणि एकदाचं मोकळं वाटेल, असं त्याला वाटलं.

वहिनीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "किती म्हणालात?" तिने विचारलं.

"पाव."

"उजवीकडे ना?"

त्याने मान हलवली. दुकानातून काय आणायचं ते विसरू नये म्हणून घोकावं, तसं तिने ते दोनदा ओठांतल्या ओठांत म्हटलं.

"वहिनी, काहीतरी बोला."

"निघते मी," ती पर्स खांद्याला लावत म्हणाली. "हे घरी वाट बघत असतील. दोन महिने झाले, रोज सकाळी उठल्याबरोबर मला तेवढंच विचारतात, चुकलं कुठे म्हणून."

आणि ती भराभर रस्त्याकडे चालू लागली.