वरच्या खोलीची चौकशी

रणजित, फोन ठेव खाली. छकुले, जवळ सरक. आमच्या मानसिंगाचं सांगतो. माझा मावसभाऊ, थापा मारणारा गडी न्हाय.

रिटायर झाल्यावर त्यानं बारामतीत एमआयडीसीकडं घर बांधलं, वर एक खोली काढली. घरखर्चाची सगळी भिस्त त्या भाड्यावर. पण भाडेकरू ठेवायची पहिलीच खेप, म्हणून चौकशी अशी करायचा जणू पोरीला स्थळ बघतोय. गाव कुठलं? माणसं किती? रात्री उशिरा येता का? कुणी पसंतच पडंना.

शेवटी वालचंदनगरचं एक जोडपं पटलं. "वर जाऊन बघून या," म्हणाला. दोघं गेली तशी खाली आली.

"काका, खोली दिलेली असताना आम्हाला कशाला बोलावलंत?"

"कुणी सांगितलं?"

"वरच्या आजींनी."

मानसिंग पळत वर गेला. चिटपाखरू न्हाय. शेजारची म्हातारी काड्या घालती म्हणून तिच्याशी भांडून आला. मग सुप्याची एक नर्स आली, तीबी तेच बोलली. मग इंदापूरचा मास्तर... त्यालाबी आजी भेटली.

त्याची बायको, मनिषावैनी म्हणाल्या, "तुमच्या चौकशीला कंटाळून पळत्यात लोकं. आजीचं निमित्त करत्यात."

ह्यो आणखीच तापला.

गेल्या दत्तजयंतीची रात. जेवणं झाली आन् गडी तरातरा वर गेला. ट्यूब लावली. खोली रिकामी. मधोमध उभा राहून वरडला, "कोण हाय त्यानं समोर या! घर माझं हाय!"



मग मागनं, उघड्या दाराआडनं... सावकाश...

"गाव कुठलं, बाबा?"

वळायचा धीर हुईना. तोंडातनं आपसूक गेलं, "कोऱ्हाळं."

"माणसं किती?"

"दो... दोघं."

"रात्री उशिरा येता का?"

त्यानं नुसती मान हलवली. 

 मग...

"न्हाय जमायचं. खोली दिलेली हाय."

ट्यूब गेली.

खाली कसा आला, त्याचं त्यालाच ठावं न्हाय.

सकाळी मला बोलावून घेतलं. दोघं मिळून वर गेलो. नव्याकोऱ्या फरशीवर शेणानं सारवलेलं. ओलं. बोटांच्या वळ्या उमटलेल्या.

छकुले, तुझी आई सारवती तवा मागं मागं सरकत दारापाशी येती का न्हाय?

हितं सारवण दारापासनं सुरू झालं होतं... आन् आतल्या भिंतीला संपलं होतं.

बाहेर आल्याचं पाऊल एकबी न्हाय.